परवाचे तिकीट

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. मूळचे लासूर, म्हणजे लासूरगाव, शिवना नदीच्या काठचे, दाक्षायणी देवीचे आणि वैजापूर तालुक्यातले. आम्ही राहतो ते लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात येते. निजामाच्या राज्यात मनमाडपासून हैदराबादेपर्यंत रूळ पडले आणि त्या रुळांच्या आधाराने हे दुसरे गाव वाढले. अशा गावात ‘तिकीट’ या शब्दाचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. तिकीट म्हणजे रेल्वेचे, फार तर एस. टी. चे, निवडणुका आल्या की काही दिवस पक्षाचे. या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि त्या अर्थापायी एखाद्याचे पैसे बुडू शकतात, हे मात्र आम्हांला एका दिवाळीच्या सुटीत कळले.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचा एक जुना विद्यार्थी, बी. ए. ला मराठी घेऊन पुढे संगणकाकडे वळलेला, पुण्यात एका कंपनीत आहे. निरनिराळ्या धंद्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी ज्या संगणकप्रणालीत नोंदल्या जातात तिला हेल्प डेस्क म्हणतात. त्या डेस्कावर माणसांच्या जागी, निदान माणसांच्या आधी, कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट बसवणे हे त्याचे काम. या प्रणालींच्या बोलीत ग्राहकाची प्रत्येक तक्रार म्हणजे एक ‘तिकीट’. तक्रार आली की तिकीट उघडते, मिटली की तिकीट बंद होते. झेनडेस्क असो, फ्रेशडेस्क असो की झोहो डेस्क, परिभाषा हीच.

त्याने सांगितलेली हकीगत अशी. एका खासगी बससेवेच्या हेल्प डेस्कावर एका प्रवाशाने मराठीत निरोप लिहिला: ‘माझं परवाचं तिकीट बंद करून टाका, आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय.’ एजंटाजवळ दोन साधने होती. एक आरक्षण रद्द करण्याचे, दुसरे तक्रार बंद करण्याचे. दुसऱ्याचे वर्णन एवढेच होते, ‘तिकीट बंद करते.’ एजंटाने ते उचलले, प्रवाशाचा निरोप ज्या तक्रारीखाली नोंदला गेला होता ती तक्रार बंद केली आणि नम्रपणे कळवले, ‘आपले तिकीट यशस्वीरीत्या बंद करण्यात आले आहे.’ प्रवाशाचे समाधान झाले. ठरल्या दिवशी बस सुटली, आसन रिकामे गेले, परताव्याची मुदत टळली. या व्यवहारात एकही वाक्य खोटे नव्हते. प्रवासी खरे बोलला, एजंटाने खरे कळवले, आणि साधनाचे वर्णनही, अक्षरशः घेतले तर, बरोबरच होते.

विद्यार्थी म्हणाला, “सर, मॅडम, इंग्रजी संदेशांना अडचण येत नाही. मराठी आले की घसरतं. तुम्ही एकदा ही वर्णनं वाचून बघता का?” आम्ही म्हटले, “अरे, आम्हांला त्यातले काय कळणार?” त्यावर त्याने दिलेले उत्तर आम्ही लिहून ठेवले आहे: “त्यालाही काही कळत नाही. लिहिलेलं असतं तेवढंच वाचतो. म्हणून तर तुम्ही पाहिजेत.”

हे शब्दशः खरे आहे, आणि सर्वसाधारण वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भाषेवर चालणारी ही प्रारूपे स्वतः काही करीत नाहीत. ती मजकूर वाचतात आणि मजकूर लिहितात. त्यांना कृती करता यावी म्हणून बाहेरच्या आज्ञावल्या साधनरूपाने त्यांच्या हाती देण्याची रीत अलीकडे रुळली. ओपनएआयने जून २०२३ मध्ये तशी सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नावाने साधने जोडण्याचा एक खुला संकेत जाहीर केला. प्रत्येक साधनाचे तीन भाग प्रारूपासमोर ठेवले जातात: नाव, वर्णन, आणि ते वापरताना कोणती माहिती पुरवायची याची यादी. साधनाच्या आतली आज्ञावली त्याला दिसत नाही. ती कोणी लिहिली, पूर्वी कोणाची कशी फजिती झाली, हे त्याच्या कानावर नाही. नवा कारकून निदान शेजारच्या टेबलाकडे वळून ‘भाऊसाहेब, हे कुठे लावायचं?’ असे विचारतो. या कारकुनाला शेजारी टेबलच नाही. त्याचे सगळे जग म्हणजे त्या चारदोन ओळी. त्या वाचून तो ठरवतो की अमुक साधन उचलावे की नको, आणि मागाहून जे व्हायचे ते खऱ्या माणसाचे होते.

आम्ही कागद मागवले आणि वाचू लागलो, तेव्हा आमच्या लक्षात आले की हे आमच्याच ओळखीचे काम आहे. एखाद्या वस्तूचे लक्षण कसे करावे, याचा विचार आपल्याकडे नैयायिकांनी फार बारकाईने केलेला आहे. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ आणि त्यावरच्या टीका आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याला पहिल्या पायरीवर भेटतात. लक्षणाचे तीन दोष तिथे सांगितलेले आहेत आणि तिन्हींचे उदाहरण गायच आहे. ‘गाय म्हणजे शिंगे असलेली’ म्हटले तर म्हैसही त्यात शिरते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे कपिला’ म्हटले तर बाकीच्या रंगांच्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘एक खूर असलेली’ म्हटले तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. गळ्याखालची लोंबती पोळी, तेवढी गाईची खूण.

‘तिकीट बंद करते’ ही अतिव्याप्ती होती. आरक्षण, तक्रार, दोन्ही त्यात मावत होते. अव्याप्तीचे उदाहरणही त्याच कागदांत सापडले: परताव्याची चौकशी करण्याच्या साधनाचे वर्णन होते ‘रिफंडची स्थिती दाखवते’, आणि प्रवासी लिहीत होते, ‘पैसे अजून जमा झाले नाहीत’, ‘खात्यावर काही आलं नाही’, ‘पैसे कापले गेले पण सीट नाही’. रिफंड हा शब्द त्यांच्या निरोपात नव्हताच. एजंट अनेकदा अर्थ लावीत असे, काही वेळा चुकत असे, आणि चुकला की ‘आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असे लिहून मोकळा होत असे. असंभवाचा नमुना तर फारच मासलेवाईक निघाला. एका साधनाचे वर्णन जुन्या साधनावरून जसेच्या तसे उतरवलेले होते आणि आतली आज्ञावली ते काम करीतच नव्हती. ते कोणी कधी वापरले नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही ‘तिकीट बंद करते’ याच्या जागी जे लिहिले, ते येथे देतो. मूळ इंग्रजीत गेले, पण आम्ही आधी मराठीत लिहिले होते.

‘प्रवाशाने नोंदवलेली तक्रार कायमची बंद करण्यासाठी. प्रवासाचे आरक्षण रद्द करण्यासाठी हे वापरू नये. त्यासाठी आरक्षण रद्द करण्याचे साधन वेगळे आहे. प्रवासी “तिकीट” म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा प्रवासाचे तिकीट असते, तक्रार नव्हे. आपला प्रश्न सुटला असे प्रवाशाने स्वतः सांगितले असेल तरच तक्रार बंद करावी. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. तक्रार क्रमांक हाती नसेल तर तो अंदाजाने भरू नये. आधी तक्रार शोधण्याचे साधन वापरावे.’

या आठ वाक्यांत साधन काय करते हे एकाच वाक्यात आले आहे. बाकीची सगळी ते केव्हा उचलू नये, उचलल्यावर काय परत फिरवता येत नाही आणि हाती काय असल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे सांगतात. आमच्या विद्यार्थ्याला हे प्रमाण उलटे वाटले. त्याच्या सहकाऱ्यांनी वर्णने लिहिताना आपल्या आज्ञावलीची ओळख करून द्यावी तशी ती लिहिली होती. आपण काय बांधले, हे सांगण्याची कोणालाही हौस असते. वाचणाऱ्यापुढे मात्र पंचवीस साधने पसरलेली असतात, आणि या पंचविसांतले कोणते, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तिथे स्वरूपाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शेजाऱ्यापासूनचा भेद महत्त्वाचा ठरतो. ‘बंद करणे’ आणि ‘रद्द करणे’ ही क्रियापदे ज्याने वर्णन लिहिले त्याच्या डोक्यात स्वच्छ वेगळी होती. प्रवाशाच्या बोलण्यात ती वेगळी नव्हती.

‘एजंट’ या शब्दाने आणखी एक गोंधळ घातला होता. हेल्प डेस्क प्रणालीत तक्रारी हाताळणाऱ्या माणसाला पहिल्यापासून एजंट म्हणतात. आता एजंट म्हणजे यंत्रही. एका साधनाचे वर्णन होते, ‘तक्रार एजंटाकडे सोपवते.’ हे वाचणारा स्वतःच एजंट! आपणच एजंट आहोत, मग सोपवायचे कोणाला, असे समजून त्याने ते साधन बाजूला ठेवले तर त्याला दोष कसा द्यावा? (आमच्या तालुक्यात एजंट म्हणजे विम्याचा किंवा आर. टी. ओ. चा, हा तिसरा अर्थ आम्ही उगाच सुचवून पाहिला.) तिथे आम्ही ‘माणसाकडे’ असा साधा शब्द घातला: ‘तक्रार कंपनीतील माणसाकडे सोपवते, प्रवासी रागावलेला असेल, आजारपण अथवा अपघात यांचा उल्लेख असेल, किंवा दोनदा विचारूनही अर्थ कळला नसेल, तर सोपवावी.’ आईला दवाखान्यात नेणारा तो प्रवासी या ओळीने कदाचित माणसापर्यंत पोहोचला असता.

मग ‘परवा’. मराठी न जाणणाऱ्याला हे सांगितले तर तो हसतो: आपल्याकडे होऊन गेलेला परवा आणि यायचा असलेला परवा एकच. आपण क्रियापदाच्या काळावरून ओळखतो. ‘परवा गेलो’, ‘परवा जाईन’. पण ‘परवाचं तिकीट बंद करा’ या वाक्यात काळ सांगणारे क्रियापदच नाही, आज्ञार्थ आहे. दोन दिवसांपूर्वीच्या प्रवासाबद्दलची तक्रार मिटली, असेही ते वाक्य म्हणू शकते, आणि एजंटाने कदाचित तसेच घेतले असेल. तारखेच्या रकान्यापुढे वर्णन होते, ‘प्रवासाची तारीख.’ तिथे आम्ही तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी, ‘परवा’ या शब्दावरून ती एकट्याने ठरवू नये आणि शंका राहिल्यास वारासह विचारावी (‘गुरुवारची का?’), असे लिहिले. वारावर लोक चुकत नाहीत. आठवडे बाजाराच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

रात्रीच्या बसचे तर विचारूच नका. ‘मंगळवारी रात्री साडेबाराची गाडी’ म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने बुधवार. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि मनातही तसाच बदलतो. झोपून उठेपर्यंत मंगळवारच. संगणकाचा वार मध्यरात्री बदलतो. आरक्षण करताना प्रवासी हे सांभाळतो, कारण समोर छापलेले असते. निरोप लिहिताना सांभाळत नाही. ‘मध्यरात्र ते पहाट या वेळेतील प्रवास असल्यास आदल्या दिवसाचेही आरक्षण पाहावे’ ही ओळ आम्हांपैकी एकीने सुचवली. तिचा भाऊ बारा वर्षे नाशिक मार्गावर कंडक्टर होता.

गावांच्या नावांवर मात्र आमचेच वर्चस्व. लासूर म्हणजे कोणते? आमचे, देवीचे, की जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातले? जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, रेल्वे स्थानकाचे नाव बदलायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि म्हाताऱ्या माणसांचे निरोप आजही ‘औरंगाबाद’ लिहूनच येतात. वर्णनात दोन्ही नावे लिहा, एवढेच आमचे म्हणणे होते. त्यात राजकारण नाही, प्रवाशाची सोय आहे. ‘नाव जुळले नाही तर जवळचे दिसणारे नाव परस्पर निवडू नये’ ही ओळ मात्र आम्ही आग्रहाने घातली. यंत्राला जवळचे वाटणारे नाव नकाशात जवळचे असतेच असे नाही.

एका गोष्टीवर आम्ही जरा अधिक रेंगाळलो, कारण तिथे शास्त्राचा थेट उपयोग झाला. साधन वापरल्यावर ते काय परत देते, हेही वर्णनात सांगावे लागते. आरक्षण शोधण्याचे साधन दोन अगदी वेगळ्या प्रसंगी एकच उत्तर देत होते: रिकामे. आरक्षण खरोखरच नसले तरी रिकामे, आणि विदागार त्या क्षणी बंद असले तरी रिकामे. एजंट दोन्ही वेळा प्रवाशाला ठामपणे सांगे, ‘आपल्या नावे कोणतेही आरक्षण नाही.’ पैसे भरून बसलेल्या माणसाला हे वाक्य वाचून काय वाटत असेल, याची कल्पना करावी. भाट्ट मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला अट घातली: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले की तुझे साधन अंधारातही ‘घडा नाही’ म्हणते आहे. त्याने ते दुसऱ्याच दिवशी बदलले. आता ‘सापडले नाही’ आणि ‘शोधता आले नाही’ ही दोन निराळी उत्तरे येतात, आणि दुसरे आल्यास काय करावे हे वर्णनात लिहिलेले असते.

सरकारी मराठीचा थोडा सराव असल्याचा फायदाही झाला. हेल्प डेस्क प्रणालीत ग्राहकाला जाणारे उत्तर निराळे आणि कर्मचाऱ्यांनी आपापसांत लिहायची टीप निराळी. दोन्ही एकाच तक्रारीखाली, एकाखाली एक. दोन साधनांची वर्णने होती ‘उत्तर जोडते’ आणि ‘टीप जोडते’. कचेरीत काम केलेल्या कोणालाही नस्तीतला टिप्पणीचा भाग आणि पत्रव्यवहाराचा भाग यांतला भेद समजावून सांगावा लागत नाही. टिप्पणीत साहेब ‘अर्जदार वारंवार त्रास देतो’ असे लिहू शकतात, पत्रात नाही. यंत्राने नस्ती पाहिलेली नाही. म्हणून तिथे ‘हे प्रवाशाला दिसते’ आणि ‘हे प्रवाशाला कधीही दिसत नाही’ ही दोन वाक्ये सर्वांत वर आणली.

तीच गोष्ट ‘निकाली’ या शब्दाची. आपल्या प्रशासनात अर्ज ‘निकाली काढला’ म्हणजे अर्जदाराचे काम झाले की नुसता कागद हातावेगळा झाला, हे शब्दावरून कळत नाही. कळू नये अशीच त्याची घडण असावी, असा आमचा जुना संशय आहे. हेल्प डेस्कच्या जगात निदान अवस्था तरी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. झेनडेस्कमध्ये तक्रार ‘सोडवलेली’ असली तर ग्राहकाच्या उत्तराने ती पुन्हा उघडते. ‘बंद’ झाली की उघडत नाही, नवी काढावी लागते. वर्णन लिहिणाऱ्याने हा भेद पुसून दोहोंना ‘निकाली’ म्हटले, तर प्रणालीत असलेले शहाणपणही वाया जाते. मराठी भाषांतर करताना नेमके हेच होण्याचा धोका आहे, म्हणून हा शब्द आम्ही सर्व कागदांतून काढायला लावला.

वर्णने लांबत चालली तशी विद्यार्थ्याची कुरकूर सुरू झाली. प्रत्येक संदेशाबरोबर ही सगळी वर्णने प्रारूपाला पुन्हा वाचावी लागतात. शब्द वाढले की खर्च वाढतो, आणि फार मजकुरात महत्त्वाचे बुडतेही. तक्रार रास्त होती. सूत्र किती आखूड असावे आणि ते कळायला काय सोबत लागते, हा प्रश्न मराठी वाङ्मयाला आरंभापासून ठाऊक आहे. चक्रधरांची वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त एकत्र केली, परंतु प्रसंगावेगळी झाली की ती वचने कोड्यात टाकू लागली, आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ महानुभावांना निराळे सिद्ध करावे लागले. आम्ही तोच मार्ग धरला. वर्णन आटोपशीर ठेवले आणि जिथे खरोखर घसरण होती तिथेच एकदोन प्रसंग जोडले: ‘प्रवासी म्हणतो, पैसे कापले पण सीट नाही, हे साधन वापरावे.’ एका चांगल्या प्रसंगाने तीन ओळींची व्याख्या वाचते. मात्र प्रसंग निवडताना सोपे निवडू नयेत. सोप्या ठिकाणी यंत्र तसेही चुकत नाही. त्याने जुने पंचवीसेक मराठी निरोप काढून प्रत्येक बदलानंतर तेच पुन्हा घालून पाहण्याची पद्धत ठेवली होती. आमच्या काही अत्यंत देखण्या वाक्यांचा त्या चाचणीत काडीइतकाही उपयोग झाला नाही, तेव्हा ती निमूट गेली.

हे सगळे एका बससेवेपुरते असते तर आम्ही त्यावर लिहिले नसते. पण आमच्या आजूबाजूला काय चालले आहे ते पाहावे. शेतकऱ्याला फोनवर सल्ला देणारे किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. तिथे पलीकडे माणूस असतो आणि ‘गोल्टी’ म्हटल्यावर तो लहान कांदा समजतो. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे ॲप आणले, त्यात मराठीतून प्रश्नांना उत्तरे देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक आहे. लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला विचारा, एका शब्दाच्या फरकाने भाव किती हलतो. उन्हाळ, लाल, गोल्टी, चिंगळी, जोड. ‘कांद्याचा भाव दाखवते’ असे वर्णन असलेले साधन यांतले कोणते दाखवणार?

पीकविम्याचे उदाहरण याहून बोचरे आहे. शेतात पाणी शिरले की ७२ तासांच्या आत विमा कंपनीला पूर्वसूचना द्यायची, हा नियम काही वर्षांत आमच्याकडे इतका मुरला की ‘बहात्तर तास’ हा शब्दच नुकसानीचा समानार्थी झाला. त्यासाठी १४४४७ हा मदतक्रमांकही होता. खरीप २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला. खरीप २०२५ पासून तो बंद झाला, आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीची नुकसानभरपाई वगळून केवळ पीककापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पन्नावर भरपाई ठरवायची, असे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आता कल्पना करा, एखाद्या साहाय्यकाच्या साधनाचे वर्णन २०२४ मध्ये लिहिलेले आहे: ‘नुकसान झाल्यास ७२ तासांत पूर्वसूचना नोंदवते.’ ते वर्णन भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. अव्याप्ती नाही, अतिव्याप्ती नाही. आणि ते गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला बंद झालेल्या दाराशी पाठवणार आहे. नैयायिकांची गाय कालांतराने बदलत नाही. शासन निर्णय बदलतात. म्हणून वर्णनावर ते लिहिल्याचा दिनांक आणि त्याचा आधार असलेला निर्णय लिहिलेला असावा, आणि नियम बदलला की वर्णन कोण बदलणार, त्या माणसाचे पद ठरलेले असावे. आम्ही ज्या कंपनीचे कागद पाहिले तिथे असे पद नव्हते. ‘ज्याला वेळ असेल तो करतो’, असे विद्यार्थी म्हणाला.

ही वर्णने मराठीत असावीत का, यावर आमचे घरगुती रणकंदन झाले. आमच्यापैकी एकाचे मत, असावीत. ज्या भाषेत तक्रार येते त्याच भाषेत साधनाची ओळख हवी. दुसरीचे मत, वर्णन इंग्रजीत असले तरी चालेल, पण प्रवाशाचे शब्द त्यात मराठीतच, जसेच्या तसे, हवेत; ‘पैसे कापले’ याचे इंग्रजी केले की त्यातला प्रवासी जातो. चाचणीने दुसरीचा पक्ष उचलून धरला, निदान त्या पंचवीस निरोपांपुरता. पराभूत पक्षाने निकाल मान्य केला आहे, पण भाषा संचालनालयाने या कामी परिभाषा करावी, ही आपली मागणी सोडलेली नाही.

कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून एक गोष्ट सांगतो. आम्ही पाहिलेल्या सगळ्या वर्णनांत एकच पहिल्यापासून उत्तम होते. हरवलेल्या सामानाची नोंद घेण्याचे. त्यात लिहिले होते की रंग विचारावा, पण रंगावर विसंबू नये. बॅगेत वर काय ठेवले होते ते विचारावे. औषधे असतील तर लगेच माणसाकडे द्यावे. ते कोणी लिहिले म्हणून आम्ही चौकशी केली. आज्ञावली लिहिणाऱ्यांपैकी कोणी नव्हते. बससेवेच्या बुकिंग खिडकीवर अनेक वर्षे बसलेल्या एका बाईंनी ते फोनवर सांगितले होते आणि कोणीतरी टंकून घेतले होते.

काम जवळजवळ संपले, तेव्हा विद्यार्थ्याचा आणखी एक निरोप आला. तक्रार बंद करण्याच्या साधनावर पुन्हा एक अडचण. एका प्रवाशाने तीन वेळा विचारूनही परतावा मिळाला नाही, तेव्हा त्याने लिहिले, ‘जाऊ द्या.’ एजंटाने ते संमती मानले आणि तक्रार बंद केली. वर्गात आम्ही अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतो. वर्णन अभिधेत लिहावे लागते आणि वैतागलेला माणूस व्यंजनेत बोलतो. आम्ही ओळ लिहून पाठवली: ‘“जाऊ द्या”, “असू द्या”, “बघा काय ते” यांना प्रश्न सुटल्याची कबुली समजू नये, तक्रार उघडी ठेवून माणसाकडे सोपवावी.’ ती ओळ स्वीकारली गेली. ‘राहू द्या’ या यादीत घालावे की नाही, यावर मात्र आमच्यात अद्याप एकमत नाही. एकाच्या मते तो सरळ नकार आहे, विशेषतः पुण्यात. दुसरीच्या मते आमच्या बाजूला ‘राहू द्या’ म्हणणारा माणूस उंबऱ्याबाहेर पडलेला नसतो, आणि त्याला आणखी एकदा विचारावे अशी त्याची अपेक्षा असते. विद्यार्थी दोन्ही बाजूंचे निरोप गोळा करतो आहे.